न्हाणीघराचें माप

आमच्या घराचा दिवाणखाना पाहून पाहुण्यांची मुद्रा नेहमीं प्रसन्न होते. चार वर्षांपूर्वीं आम्हीं दोघां भावांनीं मिळून त्याचा जीर्णोद्धार केला. आजोबांच्या शिसवी कपाटास नवें पॉलिश करविलें, भिंतींस रंग दिला, खिडक्यांना जाड पडदे लावले आणि बसावयास रुबाबदार कोच आणले. खर्च दोन लाखांच्या वर गेला. पण तो कोणाला जाचला नाहीं. दिवाणखाना म्हणजे घराची अब्रू, तिच्यावर खर्च व्हावयाचाच, असें आम्हां सर्वांचें मत होतें.

त्याच घरांत, स्वयंपाकघराच्या पाठीमागें, आठ फूट लांब व पांच फूट रुंद अशी एक अंधारी खोली आहे. घरांतील नऊही माणसें दिवसांतून एकदां तरी त्या खोलींत जातात. दिवाणखान्यांत आठवड्यांतून एकदां तरी सगळीं बसतात कीं नाहीं याची मला शंका आहे. तरीही त्या खोलीवर गेल्या साठ वर्षांत कोणीं मनापासून खर्च केल्याचें स्मरत नाहीं. ती खोली म्हणजे आमचें न्हाणीघर. तिची हकीकत येथें सांगावयाची आहे. कारण ती केवळ आमच्याच घरची आहे असें मला वाटत नाहीं.

आमचें घर पुण्याच्या नारायण पेठेंत, नदीपासून फार दूर नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुराचें पाणी आमच्या तळमजल्यांत शिरलें. पाणी ओसरलें तेव्हां न्हाणीघराची जमीन पार खचलेली होती. वडिलांनीं ती उकरून तेथें शहाबादी फरशी बसविली. काकू त्या वेळीं नुकतीच लग्न होऊन घरांत आली होती. मी चार वर्षांचा होतों. पुढें त्याच फरशीवर पाट मांडून काकूनें आम्हां चार भावंडांना न्हाऊं घातलें. कोपऱ्यांत तांब्याचा बंब धुमसत असे, शेजारीं घंगाळ, भिंतीशीं सरपण. दिवाळींत अभ्यंगस्नानाच्या पहांटे उटण्याचा आणि धुराचा मिळून जो वास तेथें दरवळे, तो अजूनही माझ्या नाकांत आहे. मोरीचें पाणी परसांत जाई आणि त्यावर अळू माजे. सारांश, जोंपर्यंत आम्ही लहान होतों व काकू तरुण होती, तोंपर्यंत त्या खोलींत कांहीं उणें आहे असें कोणास वाटलें नाहीं.

उणेपणा हळूहळू आला. बंब गेला, गीझर आला. मोरी गटारास जोडली गेली. जमीन एका अंगास पुन्हां थोडी बसली आणि त्या कोपऱ्यांत पाणी सांचूं लागलें. फरशीची जी दुर्दशा झाली तिचें श्रेय मात्र माझ्याकडे येतें. शहाबादी दगड हा चुनखडीच्या जातीचा. त्यावर आम्ही स्वच्छतेच्या हौसेनें वर्षानुवर्षें ॲसिड ओतीत आलों. चुनखडीवर आम्ल पडलें म्हणजे ती विरघळते, ही गोष्ट मीं रसायनाचा शिक्षक म्हणून वर्गांत शेंकडों मुलांना खडूच्या तुकड्यावर थेंब टाकून दाखविली होती. पण घरच्या फरशीवर तेच बुडबुडे उठत, तेव्हां मात्र "मळ कसा निघतो आहे पाहा!" असें म्हणून मी समाधान पावत असें. फरशीला बारीक बारीक खड्डे पडले, खड्ड्यांत साबण बसला, आणि साबणावर एके दिवशीं काकूचा पाय पडला.

हें आम्हांला कळलें तें मात्र फार उशिरां, आणि तेंही आडवाटेनें. गेल्या वर्षीं श्रावणांत काकूला ताप आला. तिचें वय चौऱ्यायशीं. डॉक्टरांनीं लघवींत जंतुसंसर्ग झाल्याचें निदान केलें आणि विचारलें, "आजी, दिवसांतून पाणी किती पितां?" काकू बोलेना. सूनबाईनें खोदून खोदून विचारलें तेव्हां म्हणाली, "जेवतांना अर्धें फुलपात्र." पाणी प्यालें कीं रात्रीं उठावें लागतें, उठावें तर परसांतील संडासाची वाट न्हाणीघरांतून, आणि न्हाणीघराच्या त्या कोपऱ्यांत ती आषाढांत घसरून पडली होती. कोपर सुजलें, तें तिनें पदराखालीं झांकलें. आंघोळ एक दिवसाआड करूं लागली, व "म्हातारपणीं गारवा सोसत नाहीं" असें सांगूं लागली. जिनें जन्मभर पहांटेचें स्नान चुकविलें नाहीं तिच्या तोंडचें हें कारण आम्हीं सहज मानलें.

"आम्हांला सांगितलें कां नाहींस?" मीं विचारलें.

"अरे, दिवाणखान्याला तुमचा एवढा खर्च झाला. पुन्हां माझ्या एकटीच्या पायीं कशाला?"

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. ज्या हातांनीं आम्हांस न्हाऊं घातलें, त्या हातांना आमच्याच न्हाणीघरांत आधार नव्हता. आणि आम्ही पाहुण्यांना कोचावरचें कापड दाखवीत होतों.

दुसऱ्या दिवसापासून ठेकेदारांचा शोध सुरू झाला. एकानें येऊन सगळा तळमजलाच नव्यानें करण्याचा बेत सांगितला आणि दिवाणखान्याच्या तिप्पट आंकडा काढला. दुसरा "एवढ्याशा कामांत काय आहे?" असें म्हणून गेला तो पुन्हां फिरकला नाहीं. शेवटीं पुतण्या म्हणाला, "काका, आपणच करूं या. माणसें चंद्रावर जाऊन आलीं, आपल्याला आठ बाय पांचची खोली करतां येणार नाहीं?" मी मनांत चरकलों. आमच्या घराण्यांत हातानें करावयाचें अवजड काम म्हणजे दिवाळींत माळ्यावरचीं भांडीं उतरविणें. पण काकूचें अर्धें फुलपात्र डोळ्यांपुढून हलेना. मीं होकार दिला.

आरंभींच दोन गोष्टी आम्हीं ठरविल्या, त्या अशा हौशी कामास हात घालणाऱ्या प्रत्येकानें ठरवाव्यात. विजेचें काम स्वतः करावयाचें नाहीं, आणि मुख्य सांडपाण्याच्या नळाची जोडणीही नाहीं. या दोहोंसाठीं परवाना असलेले कारागीर बोलाविले. वीजतंत्र्यानें गीझरच्या मार्गांत एक लहानसें यंत्र बसविलें. विजेची गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत गेली कीं तें प्रवाह तत्काळ तोडतें. ओल्या अंगानें वावरावयाच्या खोलींत याइतका स्वस्त पहारेकरी दुसरा नाहीं. धाकट्या बंधूंच्या मनांत गॅसचा गीझर घ्यावयाचें होतें. पण खिडकी लावलेल्या लहान खोलींत गॅस जळूं लागला तर कार्बन मोनॉक्साइड सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि आंघोळ करणारा माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कोणास पत्ता लागत नाहीं. येथें मात्र माझें रसायन वेळेवर आठवलें.

बाकीचें सर्व काम घरच्या माणसांनीं केलें. दीड महिना माडीवरच्या लहान मोरीवर भागविलें. फरशा उचलल्या, खालचा रोड्याचा कोबा फोडला, आणि कोपऱ्यांत बिडाचा जुना ट्रॅप उघडा पडला. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही याला 'नहाणी ट्रॅप' असेंच म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द साहेबाच्या शास्त्रांत जाऊन बसला आहे! त्याचें मर्म एवढेंच, कीं त्याच्या वांकणांत दोन इंच पाणी नेहमीं भरून राहातें आणि तें गटाराची दुर्गंधी व झुरळें अडवितें. पुष्कळ दिवस वापर नसला तर हें पाणी आटतें व घरांत वास सुटतो. तेव्हां गांवाहून परत आल्यावर आधीं दोन तांबे पाणी मोरींत ओतावें, मग उदबत्ती लावावी.

आमचा ट्रॅप तडकलेला होता आणि आंत कित्येक वर्षांचें केंस, साबण व चिखल यांचें काळें लोणी सांचलें होतें. तें काढल्याशिवाय पुढें जातां येईना. आम्ही तिघे सुशिक्षित गृहस्थ त्याच्याभोंवतीं उभे राहिलों. बंधू म्हणाले, "याला कोणाला तरी बोलवावें." त्या 'कोणाला तरी' या शब्दांसरशी मला एकदम लहानपण आठवलें. तेव्हां परसाच्या मागें एक अरुंद बोळ होता. टोपलीच्या संडासाचें दार त्या बोळांत उघडे, आणि रोज सकाळीं एक बाई येऊन टोपली घेऊन जाई. तिचा चेहरा मला आठवत नाहीं, कारण तिकडे पाहावयाचें नसे. इकडे न्हाणीघरांत आमच्या घरचीं माणसें सचैल स्नान करून सोंवळ्यानें बाहेर पडत. आमचें सोंवळें तिच्या डोक्यावरच्या टोपलीवर उभें होतें, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. किंवा आलें असेल तर कोणीं बोलून दाखविलें नाहीं.

ध्यानांत आलेला एक मनुष्य आपल्यांत होऊन गेला. कोंकणचे आप्पासाहेब पटवर्धन १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. त्यांनीं तेथें भंगीकाम मागितलें. सवर्णांस तें देतां येत नाहीं असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें, म्हणून त्यांनीं अन्न सोडलें. आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं महात्माजींनींही येरवड्यास उपवास आरंभिला. पुढें कणकवलीजवळ गोपुरींत आप्पासाहेबांनीं सोप्या, स्वच्छ संडासांचे प्रयोग केले. टोपलीच्या संडासास व डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा कायदा देशांत व्हावयास १९९३ साल उजाडलें, आणि तो पुरा पडला नाहीं म्हणून २०१३ सालीं दुसरा करावा लागला.

हें सारें माझ्या मनांत येईपर्यंत पुतण्यानें हातमोजे चढवून ट्रॅपमध्यें कोपरापर्यंत हात घातला होता. मग मीही बसलों. बादली धरली, पुढें हातही घातला. त्यांत पराक्रम कांहीं नव्हता. तो आमचाच मळ होता. काकू दारांत येऊन पाहात होती. तिच्या चेहऱ्यावर आधीं संकोच, मग कौतुक, मग पुन्हां संकोच असे भाव उमटले, आणि शेवटीं ती एवढेंच म्हणाली, "आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं नका हो!"

यापुढें आम्हांला वाटलें, कठीण भाग संपला. वस्तुतः तो आतां सुरू होणार होता. नवा कोबा घालतांना उतार राखणें हें सर्व कामाचें सार आहे. दर फुटास पाव इंच उतार दिला तर पाणी धांवतें आणि माणूस घसरत नाहीं. पारदर्शक नळींत पाणी भरून, तिच्या दोन टोकांच्या पातळीवरून भिंतीवर खुणा केल्या. या साध्या नळीएवढें खरें बोलणारें उपकरण मीं प्रयोगशाळेंतही पाहिलें नाहीं. कोबा वाळल्यावर पाणी न झिरपूं देणारा लेप दोन हातांनीं दिला, भिंतींवरही फूटभर चढविला. मग मोरीचें तोंड चिंध्या व मातीनें बंद करून खोलींत दोन इंच पाणी भरलें आणि अठ्ठेचाळीस तास तसेंच ठेवावयाचें ठरविलें.

दुसऱ्या सकाळीं पाहतों तों पाणी अर्ध्यावर आलेलें, आणि सरपणाच्या खोलीची भिंत ओली! नळ जेथून भिंतींत शिरतो तेथील फट आम्हीं घाईनें नुसत्या सिमेंटानें लिंपली होती. चूक माझीच होती. फरशा बसविण्याची उत्सुकता आंवरत नव्हती. नळाभोंवतीं पुन्हां खोदून, न आकसणारा मसाला भरून, लेप पहिल्यापासून दिला. त्यांत आठ दिवस गेले. पण ही परीक्षा न घेतां वर सुंदर फरशी बसविली असती, तर ती गळती वर्षानुवर्षें भिंत कुजवीत राहिली असती आणि आम्ही पावसाळ्यास दोष देत बसलों असतों. दुसऱ्या खेपेस पाणी तसूभरही हललें नाहीं.

मग फरशी. गुळगुळीत व मोठी फरशी दुकानांत डोळ्यांत भरते. पण आम्हीं मुद्दाम खरखरीत आणि लहान, फूटभराची निवडली, कारण जितके सांधे अधिक तितका पायाला आधार अधिक. उंबरठा चार इंचांचा होता तो एका इंचावर आणला. दार आंत उघडत असे. माणूस आंत पडला तर त्याच्याच अंगानें दार अडतें आणि बाहेरच्यांना शिरतां येत नाहीं. म्हणून बिजागऱ्या फिरवून तें बाहेर उघडेल असें केलें, व कडी बाहेरूनही काढतां येईल अशी लावली. शेजारची सरपणाची खोली रिकामीच होती, तेथें कमोड बसविला. यावर काकूनें दोन दिवस अबोला धरला. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे संडास ही कल्पना तिला पेलेना. सूनबाईनें समजूत घातली, "काकू, रात्रीं परसांत जातांना तुम्ही पडलांत तर देवाची पूजा कोण करणार?" हा मुद्दा तिला पटला, निदान पटल्याचें तिनें दाखविलें.

आतां एकच वस्तू उरली. धरून उठावयाचे दांडे. आमच्या जुन्या भिंती मातींत रचलेल्या विटांच्या. त्यांत नुसता स्क्रू टिकत नाहीं, ओढतांच विटेच्या भुशासह हातांत येतो. म्हणून बोल्ट आरपार घालून पलीकडून लोखंडी पट्टी दिली. उंची किती ठेवावी यासाठीं पुतण्यानें नियम धुंडाळले. अमेरिकेच्या नियमांत ३३ ते ३६ इंच सांगितली आहे. आम्हीं ३५ इंचांवर दांडा ठोकला, माझें सर्व वजन त्यावर टाकून पाहिलें, आणि काकूला समारंभानें आंत नेलें. तिनें दांडा धरला, "छान झालें हो," म्हणाली.

चार दिवसांनीं सूनबाईनें सांगितलें कीं काकू दांडा धरीत नाहीं, भिंतच चांचपडते. आम्ही थोडेसे खट्टू झालों. एवढे श्रम केले, आणि म्हातारपणचा हट्ट म्हणतात तो हाच, असेंही क्षणभर मनांत आलें. त्या रात्रीं पुतण्या जुन्या न्हाणीघराचीं छायाचित्रें पाहात बसला होता. काम सुरू करण्यापूर्वीं त्यानें तीं सहज काढलीं होतीं. त्यानें मला हांक मारली. एका छायाचित्रांत जुन्या चुन्याच्या भिंतीवर एक काळपट डाग दिसत होता. आम्हीं तो ओल समजून खरवडून टाकला होता. मोठें करून पाहिलें तेव्हां त्याला आकार दिसला: एक तळवा आणि चार बोटें. वर्षानुवर्षें रोज पहांटे पाटावरून उठतांना काकूचा तळवा भिंतीवर जेथें टेंकत आला, तेथें चुना झिजून ती खूण उठली होती. फरशीच्या सांध्यांवरून आम्हीं तिची उंची काढली. ती २७ इंच भरली. आणि ती आम्हीं दांडा लावला त्या भिंतीवर नव्हतीच. समोरच्या भिंतीवर होती.

ज्या मापासाठीं आम्ही अमेरिकेपर्यंत गेलों, तें माप आमच्या भिंतीवर लिहून ठेवलेलें होतें. काकूला एका शब्दानें विचारलें असतें तरी मिळालें असतें. पण तिच्यासाठीं सर्व कांहीं करावयाच्या भरांत तिला विचारावयाचें राहून गेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं तिला कोरड्या खोलींत स्टुलावर बसविलें आणि म्हटलें, "काकू, तूं नेहमीं उठतेस तशी ऊठ." ती उठली. तिचा हात आपोआप जेथें गेला तेथें पुतण्यानें पेन्सिलीनें खूण केली. छायाचित्रावरून काढलेल्या जागेपासून ती अर्ध्या इंचावर होती. दांडा तेथें बसविला. पहिला काढला त्याचीं दोन भोंकें नव्या फरशींत राहिलीं. तीं पांढऱ्या मसाल्यानें बुजविलीं, तरी जवळून पाहिलें तर दिसतात. फरशी बदलावी असें बंधूंचें म्हणणें पडलें; पण मीं ती तशीच ठेविली आहे.

सगळा खर्च दिवाणखान्याच्या निम्म्याहून कमी झाला. काकूच्या उशाशीं आतां रात्रीं तांब्याभांडें भरून असतें, आणि सकाळीं तें रिकामें असतें. पहांटेचें स्नान पुन्हां रोजचें झालें आहे. आंतून भांड्यांचा आवाज आणि तिचें पुटपुटलेलें स्तोत्र ऐकूं आलें कीं मी कूस बदलून पुन्हां निजतों.

असो. वाचकांना एकच विनंती. आपल्या घरांतील न्हाणीघर उत्तम आहे असें ठरविण्यापूर्वीं घरांतील सर्वांत थकल्या माणसाला त्यांत कोरड्या अंगानें घेऊन जा. त्याला बसूं द्या, उठूं द्या, आणि त्याचा हात कोठें जातो तें पाहा. कांहीं विचारावयाचें असेल तर त्यालाच विचारा. मग खुशाल थापी हातांत घ्या. मीं अठ्ठाविसाव्या वर्षीं शाळेंत पहिला तास घेतला त्यापेक्षां अडुसष्टाव्या वर्षीं पहिली फरशी बसवितांना मी अधिक घाबरलों होतों. पण ती सपाट बसली आहे. आणि परवां आंघोळ करून उठतांना काकूच्या त्या दांड्याकडे माझाही हात गेला, हेंही येथें कबूल करून टाकतों.